विश्वास असूनही आशा का सुटते?

येशूला क्रुसावर खिळल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघाले होते. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागला. तुम्ही आपसात काय बोलत चालला आहात, असे त्याने विचारल्यावर दोघे उदास होऊन थांबले आणि मग त्यांनी घडलेले सगळे सांगितले. लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातला हा प्रसंग सावकाश वाचावा. येशू देवासमोर आणि लोकांसमोर कृतीने व उक्तीने पराक्रमी असा संदेष्टा होता, हे ते अजूनही मानतात. काही स्त्रिया पहाटे कबरेपाशी गेल्या होत्या, त्यांना शरीर सापडले नाही, तो जिवंत आहे असे देवदूतांनी त्यांना सांगितले, हेही त्यांच्या कानावर आलेले आहे. येशूविषयीचा आदर तसाच आहे, बातमीही पोहोचली आहे. पण इस्राएलाची मुक्तता करणारा तो हाच, अशी आमची आशा होती, असे ते म्हणतात आणि गावाच्या दिशेने चालत राहतात.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात विश्वास, आशा आणि प्रीती यांची नावे एकत्र घेतली, आणि तेव्हापासून ख्रिस्ती माणसे ती एका दमात उच्चारत आली आहेत. प्रीती वेगळी ओळखू येते. विश्वास आणि आशा मात्र एकमेकींत मिसळून जातात. देवावर विश्वास आहे म्हणजे आशा असणारच, आणि आशा गेली म्हणजे विश्वासच डळमळला, असे आपण धरून चालतो. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे पाहिले की हे खरे नाही हे कळते. मानणे शिल्लक राहून वाट पाहणे संपू शकते. खचलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारे लोक हा फरक विसरतात आणि आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवतात. हे वारंवार होते, आणि त्याने माणसे मोडतात. म्हणून या दोहोंचे नाते समजून घेणे मला फार गरजेचे वाटते.

ऑगस्टीनने सांगितलेला फरक

इ.स. ४२१ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी लॉरेन्शियस नावाच्या माणसाच्या विनंतीवरून ख्रिस्ती शिकवणीची एक लहान पुस्तिका लिहिली. सगळी शिकवण त्यांनी विश्वास, आशा आणि प्रीती या तिघांभोवती बांधली. काय मानायचे ते विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या थोडक्यात म्हटल्या जाणाऱ्या कबुलीत आहे, आणि कशाची आशा धरायची ते ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रभूच्या प्रार्थनेत आहे, अशी त्यांची मांडणी. सुरुवातीलाच त्यांनी विश्वास आणि आशा यांतला फरक इतक्या साध्या रीतीने सांगितला आहे की सोळाशे वर्षांनंतरही तो तसाच उपयोगी पडतो.

विश्वास तिन्ही काळांवर ठेवता येतो. ख्रिस्त मरण पावला, हे झालेले आहे. तो पित्याच्या उजवीकडे बसला आहे, हे आताचे. तो न्याय करायला येईल, हे पुढचे. आशा मात्र फक्त पुढच्या गोष्टीची धरता येते. शिवाय विश्वास चांगल्यावर असतो तसा वाइटावरही असतो. पापाला शिक्षा होईल असे माणूस मानतो, पण म्हणून कोणी शिक्षेची आशा धरत नाही. तिची भीती वाटते. आणि तिसरे असे की, विश्वास इतरांविषयीच्या गोष्टींवरही ठेवता येतो, देवदूतांविषयीसुद्धा. आशा धरणाऱ्याचा मात्र त्या गोष्टीशी स्वतःचा संबंध असतो. ती त्याच्या वाट्याला येणार असते.

याकोबाच्या पत्रातले एक वाक्य इथे आठवते. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब म्हणतो. त्यांची माहिती अचूक आहे. पण त्या सत्यात आपल्यासाठी काही चांगले आहे असे त्यांना वाटत नाही, म्हणून ते सत्य त्यांच्यासाठी नुसती धास्ती होऊन बसते. ऑगस्टीननेही याच वाक्याचा आधार घेतला आहे. ख्रिस्ती अर्थाचा विश्वास त्याहून मोठा हवा असेल तर त्यात आशा आणि प्रीती आलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

पंचवीस वर्षे

नियम समजतात, पण प्रत्यक्षात हे कसे घडते ते पाहायचे तर इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याच्याकडे जावे लागते. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तेच केले.

उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. तुझ्यापासून मोठे राष्ट्र निर्माण करीन, असे वचन त्याला मिळाले होते. त्याचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम शंभर वर्षांचा होता. मधे पंचवीस वर्षे गेली. पंधराव्या अध्यायात तो प्रसिद्ध उल्लेख येतो: अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि देवाने तो त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणला. इथे विश्वास अगदी शिखरावर आहे. आणि लगेच पुढचा, सोळावा अध्याय उघडावा. कनान देशात येऊन दहा वर्षे झाली, मूल नाही, आणि पत्नी सारेच्या सांगण्यावरून तिची दासी हागार हिच्यापासून इश्माएल होतो. अब्राहामाचे वय तेव्हा शहाऐंशी.

या दोन अध्यायांच्या मधे देव आहे की नाही, असा प्रश्न अब्राहामाला पडला नव्हता. वचन खोटे आहे असेही त्याने म्हटले नाही. त्याला ते इतके खरे वाटत होते की ते पुरे करायला तो स्वतःच निघाला. कमी पडली ती वाट पाहण्याची ताकद. या घाईची किंमत हागारेला आणि तिच्या मुलाला मोजावी लागली, हेही त्याच पुस्तकात लिहिले आहे. माझ्या दृष्टीने विश्वास आणि आशा यांतला फरक बायबलमध्ये इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. वचन देणाऱ्यावर भरवसा ठेवणे हा विश्वास. ते वचन पुरे होण्यास जो काळ लागेल त्या सगळ्या काळात तो भरवसा धरून उभे राहणे ही आशा. विश्वास एका क्षणात जागा होऊ शकतो. आशेला वर्षे लागतात.

पौल याच अब्राहामाबद्दल म्हणतो की आशेला जागा नसताही त्याने आशेने विश्वास ठेवला. आपले शरीर मृतवत झाले आहे, सारेला मूल होण्याचे वय केव्हाच सरले आहे, हे त्याला दिसत होते. पौल ते झाकत नाही. सगळे ठीक होईल असे वाटणे म्हणजे ख्रिस्ती आशा नव्हे, ते इथे समजते. आशावादी माणूस आजूबाजूची चिन्हे पाहतो, आणि चिन्हे चांगली असतील तर त्याचे मन उभारी धरते. चिन्हे पालटली की तो आशावाद मावळतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. अब्राहामाची आशा चिन्हांवर उभी नव्हती. वचन कोणी दिले यावर ती उभी होती. म्हणून विश्वास गेला तर अशा आशेच्या पायाखाली काहीच उरत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाचे वर्णन आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा असे येते ते याच अर्थाने.

निराशा आणि फाजील भरवसा

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनास यांनी आशेची चिकित्सा आणखी पुढे नेली. आशा ज्याची धरायची ती गोष्ट चांगली असावी लागते, पुढे घडणारी असावी लागते, मिळवायला अवघड असावी लागते, आणि तरीही शक्य असावी लागते. सहज मिळणाऱ्या गोष्टीची आपण आशा धरत नाही, ती नुसती घेतो. अशक्य गोष्टीचीही धरत नाही. देवाशी कायमचा सहवास हे चांगले तर आहेच, पण माणसाच्या बळाबाहेरचे आहे. ते शक्य होते ते देवाच्या मदतीने. ती मदत आहे हे कळते विश्वासामुळे. म्हणून विश्वास आधी आणि आशा मागून, असा क्रम अक्विनास लावतात. विश्वास बुद्धीला सत्य दाखवतो, आशा इच्छेला त्या दिशेने चालायला लावते.

या चौकटीतून आशा मोडण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एकात ‘अवघड’ तेवढे राहते आणि ‘शक्य’ निघून जाते. ही निराशा. दुसरीत ‘शक्य’ राहते आणि ‘अवघड’ विसरले जाते. कसेही वागलो तरी देव क्षमा करीलच, पश्चात्ताप वगैरेची गरज नाही, असे माणूस गृहीत धरतो. हा फाजील भरवसा. वरवर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोन्हींत वाट पाहणे थांबलेले असते. निराश माणसाने शेवट वाईट ठरवून टाकला आहे, फाजील भरवशाच्या माणसाने चांगला. दोघांच्याही लेखी देवाने आता करण्यासारखे काही उरलेले नाही.

निराशेविषयी अक्विनास यांनी एक प्रश्न मुद्दाम विचारला आहे: विश्वास न गमावता माणूस निराश होऊ शकतो का? त्यांचे उत्तर ‘हो’ असे आहे. देव पाप्यांना क्षमा करतो हे सर्वसाधारण सत्य माणूस मनापासून मानतो, पण ‘माझ्या या अवस्थेत मला क्षमा नाही’ असा निष्कर्ष स्वतःपुरता काढतो. औषध गुणकारी आहे, शेकडो लोकांना लागू पडले आहे, हे रोग्याला पटलेले असते, फक्त आपल्याला ते लागू पडणार नाही अशी त्याच्या मनाची खात्री झालेली असते. अशा रोग्याला औषधाचे गुण पुन्हा पुन्हा सांगून काय होणार? ते तो आधीच मानतो. निराश ख्रिस्ती माणसापुढे विश्वासाची प्रमेये वाचून दाखवण्याचे नेमके हेच होते.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांची तुलना ख्रिस्ती परंपरेत फार जुनी आहे, आणि ती इथेच बसते. दोघांनीही एकाच रात्री आपल्या गुरूला सोडले. पेत्राने त्याला तीनदा नाकारले, यहूदाने धरून दिले. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदाला पस्तावा होतो, तो रुप्याची तीस नाणी परत आणतो आणि निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केले असे उघड म्हणतो. तो जे बोलतो ते सगळे खरे आहे. येशू निर्दोष आहे हे त्याला दिसते, आपले पापही दिसते. पण जाऊन तो आपला जीव देतो. पेत्र मोठ्या दुःखाने रडतो, आणि राहतो. त्याचा गुन्हा लहान होता म्हणून तो वाचला असे शुभवर्तमान सांगत नाही. परत यायला वाट आहे, एवढी जागा त्याच्या मनात कुठेतरी उरली होती.

निराशेला पाप म्हटले की एक गैरसमज लगेच होतो, तो इथेच दूर केला पाहिजे. मन काळोखून येणे, काही गोड न लागणे, उठण्याचीही ताकद नसणे हा पुष्कळदा आजार असतो, आणि त्यावर वैद्यकीय उपचार असतात. परंपरेने ज्या निराशेला पाप म्हटले ती म्हणजे देवाची क्षमा जाणूनबुजून नाकारणे. आशा म्हणजे प्रसन्न वाटणे नव्हे. स्तोत्रसंहितेतले बेचाळिसावे स्तोत्र गाणारा माणूस खिन्न आहे. आपल्याच जिवाला तो विचारतो की तू का खिन्न झालास, आणि त्याच श्वासात त्याला देवाची आशा धरायला सांगतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरी ते प्रार्थना म्हणून बायबलमध्ये राहिले, कारण अंधारातून का होईना, तो माणूस देवाशीच बोलतो आहे.

सुधारणेच्या काळातला वाद

सोळाव्या शतकात हे नाते मोठ्या भांडणाचा विषय झाले. चर्चच्या सुधारणेची चळवळ सुरू करणारे जर्मन धर्मशास्त्रज्ञ मार्टिन ल्यूथर यांच्या मते देवाविषयीची विधाने मान्य करणे एवढ्याने विश्वास होत नाही. देव माझ्यावर कृपा करतो, ख्रिस्ताने जे केले ते माझ्यासाठी केले, असा जिवंत भरवसा म्हणजे विश्वास. ज्या गोष्टी अक्विनास यांनी आशेकडे सोपवल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच इथे विश्वासाच्याच पोटात येतात. उलट, १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने जाहीर केले की विश्वासाला आशा आणि प्रीती यांची जोड मिळाल्याखेरीज तो माणसाला ख्रिस्ताशी पूर्णपणे जोडत नाही. आपण शेवटपर्यंत टिकूच अशी निःसंशय खात्री कोणी बाळगू नये, पण देवाच्या साहाय्यावर सर्वांनी अत्यंत दृढ आशा ठेवावी, असेही तिने सांगितले. भरवसा दोन्हीकडे हवा होता. एका बाजूने तो विश्वासाच्या घरात ठेवला, दुसरीने आशेच्या. त्या शतकात जे रक्त सांडले ते पाहता ही जवळीक फार उशिरा ओळखली गेली असे वाटते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यात तारणाच्या खात्रीचाही मुद्दा आहे.

या काळातले मला सर्वांत उपयोगी वाटणारे विवेचन सुधारणेच्या बाजूचे धर्मशास्त्रज्ञ जॉन कॅल्विन यांचे आहे. विश्वास मानतो की देव सत्य आहे, तर आशा ते सत्य योग्य वेळी प्रकट होण्याची वाट पाहते. विश्वास मानतो की तो आपला पिता आहे, तर आशा वाट पाहते की तो आपल्याशी नेहमी पित्यासारखाच वागेल. इथपर्यंत क्रम जुनाच आहे: विश्वास पाया, आशा त्यावर उभी. पण कॅल्विन उलट बाजूही सांगतात. आशा विश्वासाला पोसते. विश्वास उतावळा होऊन तोंडघशी पडू नये म्हणून ती त्याला आवरते, तो थकू नये म्हणून त्याला ताजे करते. अब्राहामाची दहा वर्षांनंतरची घाई आठवली की या ‘आवरण्या’चा अर्थ कळतो. म्हणजे विश्वासातून आशा जन्मते, पण त्यानंतर विश्वास जगतो तो आशेच्या जोरावर.

आशा नेमकी कशाची?

इथवर वचन, वचन असे म्हणत आलो. पण कोणते वचन? मेल्यावर आत्मा स्वर्गात जाणे, एवढेच बहुतेकांना सुचते. पौलाची आशा त्याहून फार मोठी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, आणि आपण केवळ या आयुष्यापुरतीच ख्रिस्तावर आशा ठेवली असेल तर सर्वांत कीव करण्याजोगे आपणच. लगेच पुढे तो उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ, म्हणजे येणाऱ्या पिकाचे पहिले फळ, म्हणतो. विश्वास आणि आशा यांची गाठ इथे मारलेली आहे. घडून गेलेल्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवला जातो, आणि तेच पुनरुत्थान उद्या आपल्या बाबतीत घडेल याची आशा धरली जाते. एकाच घटनेची ही दोन टोके आहेत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर सगळी सृष्टीच कण्हत वाट पाहते आहे. तारण शरीराचेही आहे आणि मातीचेही.

इ.स. ३२५ मध्ये निकायाच्या धर्मसभेत रचलेला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडल्या गेलेल्या रूपात आजही म्हटला जाणारा विश्वासांगीकार पाहा. त्याची सुरुवात एका देवावर विश्वास ठेवण्याने होते, आणि शेवट मृतांच्या पुनरुत्थानाची व येणाऱ्या युगातील जीवनाची वाट पाहण्याने. विश्वासाने उघडलेले वाक्य आशेवर जाऊन थांबते.

या आशेवरचा सर्वांत बोचरा आरोप १८४४ मध्ये कार्ल मार्क्स यांनी लोकांपुढे मांडला: धर्म ही लोकांची अफू आहे. पुढच्या जगाची आशा दाखवून या जगातला अन्याय सहन करायला लावायचा. हा आरोप पूर्ण खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण आशेचा असा वापर झालेला आहे. पण बायबलमधली आशा तशी नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे. शहर पडणार हे स्वतः यिर्मयाच सांगतो आहे, आणि त्यापायी तो कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि अनाथोथचे शेत विकत घे म्हणतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, कारण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील असे देवाने म्हटले आहे. लवकरच, इ.स.पू. ५८७ च्या सुमारास, शहर पडले. देव आपल्या लोकांना परत आणील हे मानणे यिर्मयाचा विश्वास होता. शत्रूच्या हाती जाणाऱ्या जमिनीचे पैसे मोजणे ही आशा. अफू घेतलेला माणूस खरेदीखत जपून ठेवण्याची चिंता करत नाही.

विसाव्या शतकात हा धागा युर्गन मोल्टमान या जर्मन धर्मशास्त्रज्ञांनी पुन्हा उचलला. १९२६ मध्ये हॅम्बुर्गला धर्माशी फारसा संबंध नसलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. १९४३ च्या बॉम्बवर्षावात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला आणि ते वाचले. पुढे ब्रिटिशांच्या युद्धकैदेत, एका लष्करी धर्मगुरूने दिलेल्या बायबलमध्ये विलापाची स्तोत्रे आणि ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ ही येशूची आरोळी वाचून त्यांना वाटले की आपल्याला समजून घेणारा कोणीतरी आहे. १९६४ मध्ये त्यांचे आशेवरचे पुस्तक आले. ख्रिस्ती जीवनात विश्वास आधी येतो, पण अग्रस्थान आशेचे, असे त्यांनी लिहिले. आशेत फुललेला विश्वास माणसाला स्वस्थ बसू देत नाही, कारण जे व्हायचे आहे ते ज्याला ठाऊक आहे त्याला जे आहे ते जसेच्या तसे पत्करता येत नाही. विश्वासाला मागे सारून आशेलाच सर्वस्व केले, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला वाटते, ‘विश्वास आधी’ हा त्यांच्याच वाक्यातला अर्धा भाग टीकाकारांनी पुरेसा ऐकला नाही.

दुसऱ्यासाठी आशा

ऑगस्टीनचा तिसरा मुद्दा मी मुद्दाम शेवटी परत घेतो आहे, कारण तो तसाच सोडता येत नाही. आशा स्वतःशी संबंधित असते, असे ते म्हणाले होते. मग मुलासाठी प्रार्थना करणारी आई काय करत असते? अक्विनास यांनी हा प्रश्न घेतला आणि उत्तर दिले की एरवी आशा आपल्यापुरतीच असते, पण प्रीतीने दुसरा आपल्याशी जोडला गेला की त्याचे भले आपलेच भले होते, आणि मग त्याच्यासाठीही आशा धरता येते. विश्वास आणि आशा यांच्यापेक्षा प्रीती श्रेष्ठ, असे पौल का म्हणतो याचे एक कारण इथे सापडते. ती आशेचा पसारा वाढवते. पुढे देव प्रत्यक्ष दिसेल तेव्हा न पाहता मानण्याची गरज उरणार नाही, वाट पाहण्याचीही नाही. तेव्हा प्रीती तेवढी चालू राहील, असेही अक्विनास मानतात.

ही आशा किती लांब जाऊ शकते? स्विस धर्मशास्त्रज्ञ हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९८० च्या दशकात, हा प्रश्न धीटपणे मांडला. सगळ्यांचे तारण होईलच, असे विधान विश्वासाचा भाग म्हणून करता येत नाही. माणूस देवाला शेवटपर्यंत नाकारू शकतो हे चर्चची शिकवण मानते. पण सगळ्यांचे तारण व्हावे अशी आशा मात्र धरता येते, धरलीच पाहिजे, असे त्यांनी म्हटले. टीकाकारांच्या मते येशूने दिलेल्या इशाऱ्यांची धार यामुळे बोथट होते, आणि माणसे फाजील भरवशाकडे घसरतात. ती भीती खोटी नाही. तरीही जे ठामपणे सांगता येत नाही त्याची आशा धरता येते, एवढा भेद बाल्थासारनी अचूक पकडला, असे मला वाटते. विश्वास आणि आशा एकच असत्या तर हे वाक्य उच्चारताच आले नसते.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात याच रीतीने, ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे सांगितले आहे. फक्त देवाला ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. त्या माणसाच्या शेवटच्या क्षणांत काय झाले, हे कोणालाही ठामपणे सांगता येत नाही. मागे राहिलेल्या आईबापांना, भावंडांना तिथे खात्री देण्याचा अधिकार कोणाकडे नाही, आणि त्यांची आशा काढून घेण्याचाही नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे हे वाक्य येते. त्याच्या तीनच ओळी आधी, त्या अध्यायाची सुरुवातच, सर्व माणसांकरिता विनंत्या आणि प्रार्थना करा या आज्ञेने होते.